नाव पुसलं, जागा तशीच

रात्री पावणेदोनला फोन वाजला. सर्व्हरचं ‘व्हार’ हे लॉग साठवायचं विभाजन 97 टक्के भरलेलं. डोळे चोळत लॉगिन केलं. पस्तीस जीबीची एक लॉग फाइल ऐसपैस पसरून बसली होती. ती पुसायला ‘आरएम’ मारलं आणि चहा टाकायला उठलो. परत येऊन पाहतो तर डिस्कची भरलेली जागा सांगणारं ‘डीएफ’ जागचं हललेलं नाही! फाइलींचा आकार मोजणारं ‘डीयू’ म्हणतं 11 जीबी, डीएफ म्हणतं 46. दोघंही खरं बोलत होते, हीच तर पंचाईत.

युनिक्समध्ये ‘आरएम’ फाइल नष्ट करत नाही, फक्त निर्देशिकेतलं तिचं नाव पुसतं. कुठल्याही प्रोग्रामने ती उघडी धरली असेल, तर तो सोडेपर्यंत डिस्कवरची जागा अडूनच राहते. रेशनकार्डावरून नाव कमी झालं, पण पाहुणा माजघरात पाय पसरून झोपलेलाच! डीयू नावं धरून बेरीज करतं, म्हणून त्याला तो दिसत नाही. उघड्या फाइलींची यादी देणाऱ्या ‘एलएसओएफ’ने मात्र पकडून दिला, शेवटी ‘डिलीटेड’ असा शिक्का.

 

खरं तर फाइल पुसायलाच नको होती. जागच्या जागी रिकामी केली असती तर भागलं असतं. हे मला ठाऊक होतं, आणि तरीही चुकलो. झोपेत हात आधी चालतात.

शेवटी फाइल धरून बसलेली सेवा बंद करून पुन्हा सुरू केली. डीएफ 24 टक्क्यांवर आलं. चहा तोवर गार झाला होता.