नागीण कानातही निघते!

शुक्रवारची संध्याकाळ. पुण्यात ऑफिसमधून निघता निघता कळंबला आजीला फोन लावला. ‘‘थांब, दुसऱ्या कानाले लावू दे. डाव्यानं कालपासून ऐकू येऊन नाही राहिलं. ठणकते बी लय.’’ मी हसून म्हटलं, ‘‘आजी, ७४ वर्षं झाली, कान कुरकुरणारच!’’ विषय संपला. माझ्यापुरता.

शनिवारी सकाळी आईचा फोन. आजीचं तोंड वाकडं झालंय, चहा ओठांच्या कडेनं सांडतोय. शेजारपाजारचं एकमत, लकवा! एकानं तर झाडपाल्याच्या औषधाचा पत्ताही दिला. बाबांनी मात्र सरळ गाडी काढून यवतमाळ गाठलं.

डॉक्टर म्हणाले, ‘‘आजी, भुवया वर करा.’’ डाव्या कपाळावर एकही आठी नाही. मेंदूतल्या झटक्यात कपाळ बहुधा हलतं, कारण त्याला मेंदूच्या दोन्ही बाजूंकडून हुकूम मिळतात. इथे चेहऱ्याची नसच आजारी होती. मग ऐकण्याबद्दल विचारून त्यांनी कानात उजेड टाकला. आत बारीक, पाणीदार फोड. नागीण!

नागीण कमरेला निघते, एवढंच मला ठाऊक. लहानपणी झालेल्या कांजिण्यांचा विषाणू नसांच्या मुळाशी दडून बसतो आणि म्हातारपणी उठतो. चेहऱ्याची आणि ऐकण्याची नस कवटीच्या हाडात शेजारी शेजारी, म्हणून दोन्हींवर घाला. अमेरिकन न्यूरॉलॉजिस्ट जेम्स रॅमसे हंट यांनी १९०७ मध्ये हे मांडलं, म्हणून रॅमसे हंट सिंड्रोम. कधी फोड उशिरा येतात, कधी येतच नाहीत, आणि निदान हुकतं. आजीची श्रवणचाचणी झाली, एमआरआयसुद्धा. क्वचित मेंदूतला झटकाही चेहरा आणि कान एकदम पकडतो म्हणे.

विषाणूविरोधी गोळ्या आणि स्टेरॉइड ७२ तासांच्या आत सुरू झाले तर उत्तम. मी बोटांवर तास मोजले. माझं ते हसणं त्यातच होतं.

तीन महिने झाले. डोळा आता मिटतो. आधी रात्री पट्टी लावून झाकावा लागे. ऐकणं मात्र अर्धंच परतलंय. चतुर्थीला आम्ही चिंतामणीच्या दर्शनाला गेलो. गाभारा जमिनीच्या खाली. पायऱ्या उतरताना मी तिचा डावा हात धरून अखंड बडबडत होतो. खाली पोचल्यावर ती म्हणाली, ‘‘आता या बाजूनं ये बाबू. तिकडून काय बोलत होता, काहीच नाही समजलं.’’