आठवीत पुन्हा एबीसीडी

इंग्रजी आम्हाला पाचवीत लागलं. लागलं म्हणजे ठेच लागावी तसं. गावात जिल्हा परिषदेची शाळा सातवीपर्यंत, वर्ग सात आणि गुरुजी दोन. त्या दोघांचं सगळं शिक्षण मराठीतनं झालेलं. आम्हाला एबीसीडी शिकवता शिकवताच तेही इंग्रजी शिकत होते म्हटलं तरी चालेल. बाकी माणसं देवासारखी. गणित असं शिकवलं की आजही वजनकाट्यावर मला कोण फसवू शकत नाही. पण इंग्रजीचा तास आला की गुरुजी फळ्यावर 'कॅट' काढायचे, खाली मांजर लिहायचे आणि आम्ही ओरडायचो. बहात्तरच्या दुष्काळात मी सहावीत होतो. अर्धा वर्ग आईबापाबरोबर खडी फोडायला गेला. त्या वर्षी मांजराच्या पुढं आमचं इंग्रजी गेलंच नाही.

आठवीला हायस्कूल सहा किलोमीटरवर. पाच गावची पोरं एका वर्गात आली. पहिल्याच दिवशी इंग्रजीच्या सरांनी सगळ्यांना एबीसीडी लिहायला लावली. कुणाला मोठी येत होती, कुणाला लहान, कुणाला दोन्ही, आणि एक-दोघांना तर एफच्या पुढं काळोख. सर करणार काय? त्यांनी फळ्यावर ए काढला आणि सगळ्यांना पहिल्यापास्नं धरलं. ज्यांना येत होतं त्यांनीही गिरवलं. दिवाळीपर्यंत आम्ही गिरवतच होतो. मग आठवीचं पुस्तक घाईघाईनं उरकलं. नववीचं पुस्तक ज्यानं लिहिलं त्याला वाटत होतं की ही पोरं चार वर्षं इंग्रजी शिकून आलीत. आमच्याजवळ होतं दीड वर्षाचं. पाचवी, सहावी, सातवीचं इंग्रजी माळावर पडलेल्या वळवासारखं वाहून गेलेलं.

आमच्या आधी अकरावीची मॅट्रिक होती. ती जाऊन दहावी आली, आणि त्या नव्या दहावीत 1977 साली मी पास झालो. इंग्रजीत छत्तीस मार्क. पासाला पस्तीस लागायचे, म्हणजे एक मार्क माझ्याजवळ शिल्लक होता. तो अजून मोडला नाही.

आता कानडीचं सांगतो. आमचं गाव जत तालुक्याच्या पूर्व अंगाला, पुढं काही कोसांवर कर्नाटक. आईचं माहेर पलीकडं. घरात मराठी, पण आई तिच्या बहिणीशी कानडीत बोलायची, आणि आमच्यावर चिडली की हमखास कानडीत. म्हणून शिव्या आधी कळल्या. मग वडलांबरोबर बाजाराला जायला लागलो तेव्हा आकडे आले. ओंदु, एरडु, मूरु. मग 'एष्ट' म्हणजे केवढ्याला. मग 'बेड' म्हणजे नको, हा शब्द बाजारात सगळ्यात कामाचा. त्यानंतर घासाघीस, आणि खूप उशिरा थट्टा. दुसऱ्याच्या भाषेत थट्टा जमली की मग ती भाषा आपली झाली, असं आपलं माझं मत. यात कुणी पुस्तक लावलं नव्हतं, तरी आधी काय आणि मागनं काय याचा क्रम बरोबर होता. कालच्या बाजारात जे आलं त्याच्या पुढचं आजच्या बाजारात लागायचं. दर बाजारी मला कुणी 'ओंदु'पास्नं धरलं असतं तर मी कानडीला कधीच रामराम ठोकला असता. वाचता मात्र मला कानडी येत नाही. विजापूरच्या स्टँडवर आजही गाडीची पाटी दुसऱ्याला विचारावी लागते.

माझ्या पोराच्या वेळी काही बदललं नाही. तोही पाचवीत एबीसीडी, आठवीत पुन्हा एबीसीडी. मग 2000 साली सरकारनं मराठी शाळेत पहिलीपास्नं इंग्रजी आणलं. नातीच्या वाट्याला ते आलं. मला वाटलं, आता सात वर्षं शिकून पोरगी हायस्कूलला जाईल, तिला कोण मागं ओढणार? 2024च्या जूनमध्ये ती आठवीत गेली. आठ दिवसांनी वही बघतो तर पहिल्या पानावर कॅपिटल, दुसऱ्या पानावर स्मॉल.

"आबा, सर म्हणले, सगळ्यांचं सारखं करून घेऊ या," ती म्हणाली.

सारखं करायचं म्हणजे पुढच्याला मागं आणायचं, हे मी पन्नास वर्षांपूर्वी भोगलेलं. यात सरांना मी दोष देत नाही. सातवीच्या बाई एका शाळेत, आठवीचे सर दुसऱ्या शाळेत. एक शाळा झेडपीची, दुसरी संस्थेची. दोघांनी एकमेकांचं तोंड बघितलेलं नाही. शेत एकाच्या ताब्यातनं दुसऱ्याच्या ताब्यात जातं तेव्हा सुद्धा जुना माणूस सांगतो की बाबा, ह्या तुकड्यात हरळी आहे, त्या कोपऱ्यात पाणी साठतं. पोरं एवढी हातातनं हातात जातात, त्यांचं कोण काय सांगत नाही.

त्याच पावसाळ्यात आमच्या भावकीतली एक पोरगी पुण्याहून आली. नात्यानं पुतणी. नर्सिंग झालेली, आणि जर्मनीला नोकरीला जायचं म्हणून जर्मन शिकते. मी म्हटलं, कितवीत आहेस? ती हसली. "काका, त्यात इयत्ता नसतात. सहा पायऱ्या असतात. ए-वन, ए-टू, बी-वन, बी-टू, सी-वन, सी-टू." तिची बी-वन चालू होती, आणि नर्सला साधारण बी-टू लागतं. मी म्हटलं, पायरी चढली हे कळतं कसं? तेव्हा तिनं जे सांगितलं ते मी रात्रभर डोक्यात घोळवत बसलो. प्रत्येक पायरीला लिहून ठेवलेलं असतं, की ह्या माणसाला काय करता येतं. पहिल्या पायरीला स्वतःचं नावगाव सांगता येतं, किंमत विचारता येते, समोरचा हळू बोलला तर कळतं. तिसऱ्या पायरीला प्रवासात अडलं नडलं तर निभावता येतं, काल काय घडलं ते सांगता येतं. चौथ्या पायरीला पेशंटशी, डॉक्टरशी अडखळल्याशिवाय बोलता येतं. ही पायऱ्यांची रीत युरोपातली, पण तिकडच्या कितीतरी भाषांना तीच लावतात. म्हणजे एका गावात दोन पायऱ्या चढून माणूस दुसऱ्या गावात गेला तरी तिथला मास्तर त्याला तिसरीवर उभा करतो. पुन्हा खाली उतरवत नाही.

आमच्याकडं सर्टिफिकेटावर मार्क असतात. मला छत्तीस होते. त्या छत्तीस मार्कांत मला काय करता येत होतं, हे कुणाला सांगता आलं असतं? मलाच सांगता येत नाही.

मग मी आणि नातीनं एक उद्योग केला. खताच्या दुकानातनं मिळालेलं जुनं कॅलेंडर घेतलं, त्याच्या पाठीवर पट्टीनं रकाने आखले. वर पाचवी ते दहावी. डाव्या बाजूला मराठी, हिंदी, इंग्रजी, संस्कृत. शेवटी एक ओळ मी कानडीची घालायला लावली. मग आळीतल्या पोरांना संध्याकाळी गाठून विचारायला लागलो. काय शिकवलं ते विचारायचं नाही, काय करता येतं ते विचारायचं. पाचवीच्या पोराला हिंदी सपशेल कळतं, ते मोबाईलनं शिकवलंय, शाळेला त्याचं श्रेय नको. सातवीच्या पोरी इंग्रजी धडा घडाघडा वाचतात, पण मी 'तुझा बाप काय करतो' हे इंग्रजीत सांग म्हटलं की एकमेकींकडं बघतात. कानडी बरीच पोरं बोलतात, लिहीत कोणच नाही. आणि गंमत अशी झाली की इंग्रजीच्या ओळीत सातवीच्या आणि आठवीच्या चौकोनात एकच मजकूर आला. नात म्हणाली, "आबा, आठवीचा चौकोन कशाला लिवायचा? वर ढबल कॉमा मारू."

तो कागद गुंडाळून मी हायस्कूलच्या पालक सभेला गेलो. सभेचा विषय दुसराच निघाला. आमच्या हायस्कूलला आठवीपास्नं हिंदी-संस्कृत संयुक्त आहे, पन्नास मार्क हिंदी, पन्नास मार्क संस्कृत. ते काढून शंभर मार्कांचं संपूर्ण संस्कृत करावं, असं काही पालकांचं म्हणणं. कारण उघड आहे. संस्कृतात मार्क पडतात. हेडमास्तर बोलले तेही खोटं नव्हतं. "आबा, तुम्ही म्हणता भाषा आली पाहिजे. मला मान्य. पण सांगलीच्या कॉलेजात अकरावीला घेताना कोण विचारत नाही हिला काय बोलता येतं. टक्के विचारतात. ह्या पोरींचे टक्के मी कशानं वाढवू?"

याला माझ्याजवळ सोपं उत्तर नव्हतं. संस्कृताला माझा विरोध नाही. पण मी विचारलं, की दहावीनंतर आपल्या भागातल्या कॉलेजात संस्कृत पुढं शिकवायला माणूस आहे का? नाही. म्हणजे आठवीत पेरायचं आणि दहावीत मोडून टाकायचं. आणि पाचवीपास्नं चालत आलेलं हिंदी, ते आठवीत अर्धं करायचं का पुरं बंद करायचं, एवढीच निवड. बोर्डाची भाषांची यादी मोठी आहे, त्यात पाली आहे, अर्धमागधी आहे, फ्रेंच-जर्मन सुद्धा आहे. 2020च्या राष्ट्रीय धोरणात तर कोरियन, जपानी, स्पॅनिश, रशियन अशी नावं लिहिलीत. यादी दिल्लीएवढी आणि मास्तर एक, तोही पुढच्या मे महिन्यात रिटायर होणारा. मी म्हटलं, चार भाषांना हात लावण्यापेक्षा एक तरी अशी न्या की पोराला त्यात भांडता येईल.

मग कागद उलगडला. सातवी-आठवीचा चौकोन बघून इंग्रजीचे सर गप्पच झाले. माझी मागणी एवढीच होती, की एप्रिलमध्ये आसपासच्या पाच झेडपी शाळांच्या सातवीच्या शिक्षकांना एकदा चहाला बोलवा आणि कोण पोर कुठं आहे ते लिहून घ्या. आणि दुसरी मागणी कानडीची. शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर एक तास, अक्षरं तेवढी. शेजारच्या गावी कानडी माध्यमाच्या शाळेतनं रिटायर झालेले एक गुरुजी आहेत, ते फुकट यायला तयार.

मागनं एकजण म्हणाला, "कानडी शिकून काय विजापुरात गुरं राखायची?" सगळे हसले.

मी म्हटलं, "तुझा बेदाणा मागल्या वर्षी कुणी नेला?" तो विजापूरच्याच व्यापाऱ्यानं नेला होता. चिठ्ठीवर त्यानं कानडीत काय लिहिलं होतं ते ह्यानं कुणाकडनं वाचून घेतलं, ते मला ठाऊक होतं. ते मी सभेत बोललो नाही. आपल्याच माणसाला चारचौघांत उघडं कशाला पाडायचं.

संपूर्ण संस्कृत त्या वर्षी झालं नाही. माझ्या बोलण्यानं नव्हे, तेवढे तास घ्यायला शिक्षक मिळाला नाही म्हणून. कानडीचा तास मात्र सुरू झाला. पहिल्या शनिवारी एकोणीस पोरं होती. शाळू काढणीला आला तेव्हा सात राहिली. सातांत आमची नात होती, आणि त्या बेदाणावाल्याचा पोरगाही होता.

एप्रिलमधला चहा काही झाला नाही. निकालाची कामं आडवी आली. 2025चा जून आला आणि सगळीकडं हिंदीवरनं रान पेटलं. पहिलीपास्नं हिंदी, असा 16 एप्रिलचा सरकारी निर्णय. 17 जूनला त्यात बदल. 29 जूनला दोन्ही निर्णय मागं आणि डॉ. नरेंद्र जाधवांची समिती. पहिलीत तीन भाषा लेकराच्या डोक्यावर घालू नयेत, हे मलाही पटतं. पण टीव्हीवर रात्ररात्र भांडणारांत कुठली भाषा कितवीत सुरू करायची यावर जो तो बोलत होता. सुरू केलेली कुठपर्यंत न्यायची, आणि मधल्या शाळा बदलताना ती कुणाच्या हातात द्यायची, यावर चकार शब्द नाही. आमच्या हायस्कूलात तर हिंदीचे सर मे महिन्यात रिटायर झाले होते आणि त्यांच्या जागी कोण नव्हतं. भांडणाऱ्या दोन्ही बाजूंना त्याचा पत्ता नव्हता.

इंग्रजीला नवा मास्तर आला, तासिका तत्त्वावर. पंचवीस-सव्वीस वर्षांचा, मोटरसायकलवर येतो. मी एक दिवस आमचं कॅलेंडर घेऊन त्याच्याकडं गेलो. त्यानं ते टेबलावर पसरलं, चारी कोपऱ्यांवर डस्टर, पेन, मोबाईल, खडूचा डबा ठेवला आणि उभ्यानंच वाचलं. इंग्रजीच्या ओळीतल्या डबल कॉमावर बोट ठेवून विचारलं, हे काय. मी सांगितलं.

"आबा, ह्याची झेरॉक्स काढून देता का?" तो म्हणाला. "आणि त्या सातवीच्या बाई, त्या जायच्या कुठल्या गाडीनं?"

"पावणेसहाच्या," मी म्हटलं. साडेपाच झाले होते. त्यानं किल्ली उचलली.