जुन्या वाद्याची पारख

बँकेच्या नोकरीत मी तारण म्हणून आलेल्या अनेक वस्तूंचे मूल्यांकन केले. परंतु बास गिटारची पारख करण्याचा प्रसंग निवृत्तीनंतर आला. नातवाने शिकवण्या घेऊन साठवलेल्या पैशांतून जुनी गिटार घेण्याचे ठरवले आणि "आजोबा, भाव ठरवायला तुम्ही चला," असा आग्रह धरला.

पहिले वाद्य एका गृहस्थांच्या दिवाणखान्यात पाहिले. काळेभोर, आरशासारखे चकचकीत. मी मनोमन होकार दिला. नातू मात्र एक डोळा मिटून, सुतार फळीची धार पाहतो तसा त्याच्या मानेकडे पाहू लागला. चार जाड तारा त्या मानेला अहोरात्र ओढत असतात. त्या ओढीला तोलण्यासाठी आत पोलादी सळई असते, तिला ट्रस रॉड म्हणतात. त्याने एक तार पहिल्या व शेवटच्या पडद्यावर दाबून धरली. मग ती मोजपट्टीसारखी सरळ होते आणि सातव्या-आठव्या पडद्यापाशी तिच्याखाली जाड कागदाएवढीच फट उरावी लागते. येथे दोन नाणी सहज सरकली असती. सळईविषयी विचारताच गृहस्थ म्हणाले, "ती आता फिरत नाही." नातवाने वाद्य अलगद खाली ठेवले.

मला छापखान्याचे एक यंत्र आठवले. त्याच्या ताज्या रंगावर भाळून मी ते तारण मान्य केले होते. कर्ज थकले, यंत्राला भंगाराचा भाव आला. जामीनदार धान्याचे व्यापारी होते. त्यांनी एक शब्दही न बोलता रक्कम भरली.

दुसरे वाद्य एका विद्यार्थ्याकडे होते. अंगावर ओरखडे, पण मान सरळ, पडद्यांची झीज बेताची. आम्ही काही विचारण्यापूर्वीच तो म्हणाला, "आवाजाचे बटण खरखरते आणि एक खुंटी सैल आहे." नातवाने ॲम्प्लिफायर लावून बटण फिरवले, खरखर होतीच. मग बाराव्या पडद्यावर तारेला नुसता स्पर्श करून एक सूर काढला आणि तेथेच तार दाबून दुसरा. दोन्ही तंतोतंत जुळले.

मी सवयीने कुजबुजलो, "दोष त्यानेच कबूल केलेत. भाव पाड."

"आजोबा, ते दोष धरूनच त्याने किंमत सांगितली आहे. खरे बोलल्याचा दंड त्याने का भरावा?"

सांगितलेली पूर्ण रक्कम देऊन आम्ही निघालो.

दुसऱ्या दिवशी मी त्या व्यापाऱ्यांच्या पेढीवर गेलो. आता मुलगा गादीवर बसतो. ते शेजारी वर्तमानपत्र वाचत होते. मी म्हणालो, "शेठजी, ते यंत्र मी आतून तपासलेच नव्हते. चूक माझी होती."

त्यांनी चष्मा काढला. "ठाऊक होते," ते शांतपणे म्हणाले, "तुम्ही कधी सांगता, एवढीच वाट पाहत होतो." आणि त्यांनी मुलाला चहा मागवायला सांगितले.