ऐरणीवरचं गाणं

सेव्हिलमध्ये जून महिन्यात संध्याकाळ फार उशिरा होते. सूर्यच मुळी पावणेदहाच्या सुमाराला मावळतो. दुपारी चाळिशी गाठलेला पारा जरा उतरला की खिडक्यांच्या झडपा उघडतात आणि दिवसभर दडून बसलेलं शहर आजी-नातवंडांसकट रस्त्यावर येतं. फ्लामेंकोचा आमचा खेळ नऊचा होता. जागा नदीपलीकडे, त्रियानात. धाकटी बहीण बरोबर होती. ती बरीच वर्षं कथक शिकलेली असल्यामुळे ‘हे सगळं मूळचं आपलंच’ अशी तिची पक्की खात्री होती. दोन तास हाताशी ठेवून आम्ही चालतच निघालो.

ग्वादालकिवीर नदीवर इथे 1171 साली अल्मोहाद राज्यकर्त्यांनी नावांना नावा जोडून पूल केला. नदीला पूर आला की तो मोडायचा आणि लोक पुन्हा नावा जोडायचे. आजचा लोखंडी पूल 1852चा. म्हणजे जवळजवळ सात शतकं त्रियाना सेव्हिलला जोडलेलं होतं ते तरंगत्या फळ्यांनी. तटबंदीच्या आत दरबार, कॅथेड्रल, व्यापारी. नदीपार कुंभार, खलाशी, लोहार. ज्यांच्याशिवाय शहराचं चालत नाही, पण ज्यांना शेजारी म्हणून कुणी घेत नाही, अशांची ही वस्ती.

स्पेनचा अमेरिकेशी चालणारा सगळा व्यापार 1503 पासून याच बंदरातून होऊ लागला. मॅगेलनची पाच जहाजं 1519 च्या ऑगस्टमध्ये इथूनच निघाली आणि तीन वर्षांनी पृथ्वीला वळसा घालून एकच परत आलं, अठरा माणसं घेऊन. जहाजांबरोबर चांदी आली, तंबाखू आली, गुलाम म्हणून पकडून आणलेले आफ्रिकी लोक आले, पुढे क्यूबाच्या चालीही आल्या. फ्लामेंको नर्तकीच्या खांद्यावरची झालरीची रेशमी शालसुद्धा मूळची चीनची. मनिलाहून मेक्सिको आणि तिथून सेव्हिल असा प्रवास करून ती इथे पोचली. मनिलाची शाल हेच तिचं नाव अजून चालतं.

पूल उतरताच उजव्या हाताला त्रियानाची मंडई. वर मासे, ऑलिव्ह, टांगलेल्या डुकराच्या मांड्या, वाइनचे प्याले. खाली सान होर्हे किल्ल्याचे अवशेष. 1481 पासून या किल्ल्यात इन्क्विझिशनचं ठाणं होतं. धर्म बदललेले ज्यू मनातून अजून ज्यूच आहेत का, याची चौकशी इथे चाले आणि कैदी इथल्याच कोठड्यांत ठेवले जात. एकोणिसाव्या शतकात किल्ला पाडून त्या जागी बाजार भरवला गेला. आता जिना उतरून ते पडके पाये पाहता येतात. डोक्यावर कोळ्यांची हाकाटी ऐकू येत असते.

या किल्ल्यापासून हाकेच्या अंतरावर हितानो राहत. हितानो म्हणजे स्पेनमधले रोमा. 1425 साली त्यांच्यातल्या एका म्होरक्याला आरागॉनच्या राजाने प्रवासाचा परवाना दिला. स्पेनमधली त्यांची पहिली नोंद ती. पाऊणशे वर्षांत वारं फिरलं. 1499 च्या फर्मानाने सांगितलं की भटकणं सोडा, धनी शोधा, नाहीतर देश सोडा. पुढे त्यांच्या पेहरावावर आणि भाषेवरही बंदी आली, कित्येकांना वल्ही मारायला गलबतांवर जुंपलं गेलं. सगळ्यांत भयंकर घाव 1749 च्या जुलैचा. देशभर एकाच वेळी छापे घालून सुमारे नऊ हजार माणसं पकडली. पुरुष आरमाराच्या गोद्यांत, बायकामुलं वेगळ्या कोंडवाड्यांत. वंश वाढू नये हाच हेतू होता आणि तो लपवलेलाही नव्हता. ज्यांनी सरकारचं ऐकून घरं केली, भाते लावले, तेच आधी सापडले. कारण त्यांचे पत्ते ठाऊक होते. शेवटचे कैदी सुटायला 1765 साल उजाडलं.

आम्ही मंडई मागे टाकून पाजेस देल कोरो नावाच्या रस्त्याला लागलो. जुन्या लोकांच्या तोंडी ही अजून ‘कावा’च. एक भाग हितानोंचा, दुसरा इतरांचा. आज तिथे सलून, फार्मसी, कुलूपबंद लोखंडी फाटकं. फाटकांच्या जाळीतून आत डोकावलं की मात्र जुनी रचना दिसते. मधोमध चौक, चौकात विहीर नाहीतर नळ, चारी बाजूंनी खोल्या, प्रत्येक खोलीत एक कुटुंब, सामायिक मोरी. गिरगावातली चाळ आठवावी. अशा चौकांतून बारसं, लग्न, मयत सगळं सर्वांदेखत व्हायचं आणि गाणंही तसंच व्हायचं. कावातले हितानो बहुतेक लोहारकाम करत. ‘मार्तिनेते’ हा गाण्याचा प्रकार त्यांच्या भट्टीवरचा. त्याला गिटारची साथ नाही. लयीला फार तर ऐरणीवर पडणारा हातोडा.

खेळाची जागा म्हणजे अशाच एका घराचा झाकलेला चौक. साठ-सत्तर खुर्च्या, समोर हातभर उंचीचा लाकडी मंच, त्यावर काथ्याने विणलेल्या तीन खुर्च्या. मायक्रोफोन नाही. दारावरच्या मुलीने आधीच बजावलं होतं की फोटो फक्त शेवटच्या पाच मिनिटांत, आणि टाळ्यांचा ठेका कृपा करून धरू नका. ‘तो आम्ही धरतो,’ असं ती हसून म्हणाली, पण ते हुकमासारखंच होतं.

दिवे मंदावले आणि गायक एकटाच आला. पन्नाशीचा, जाडसर, इस्त्रीच्या पांढऱ्या सदऱ्यातला माणूस. एखाद्या सरकारी कचेरीत सहज खपला असता. त्याने शेजारच्या लाकडी मेजावर उलट्या बोटांची पेरं आपटली आणि मार्तिनेते सुरू केलं. आधी शब्दच नव्हते, नुसता ‘आय’ असा ओढत नेलेला स्वर. तो चढताना मध्येच फाटला आणि गायकाने तो फाटलेलाच ठेवला. या गाण्यात गुळगुळीत आवाजाचं कौतुक नाही. घोगरा, खरवडून काढलेला आवाज हवा. मायक्रोफोन का नव्हता ते आता कळलं. ओळ सुरू करण्याआधी त्याने घेतलेला श्वास तिसऱ्या रांगेत ऐकू येत होता.

हिंदी सिनेमाने 2011 साली ‘जिंदगी ना मिलेगी दोबारा’मधून आपल्याला फ्लामेंकोची जी ओळख करून दिली, ती चौकात नाचणाऱ्या गावाची. तेही खोटं नाही. बुलेरिया, आलेग्रियास हे प्रकार सणासुदीचेच. पण गाण्याचा गाभा दुःखाचा आहे. तुरुंग, मरण, आई, भूक हे त्याचे विषय. आणि इथे गाणं थोरलं, नाच धाकटा.

त्यानंतर गिटार आली, मग नर्तकी. सोलेआ हा प्रकार सुरू झाला. बहिणीचा हात मांडीवर ठेका धरू लागला, कारण बारा मात्रा तिने लगेच ओळखल्या होत्या. एकतालच की! पण दोन आवर्तनांतच तिचा हात थांबला. एकतालात दोन-दोनचे सहा भाग आणि ओढ पहिल्या मात्रेकडे, समेकडे. सोलेआत वजन पडतं तिसरीवर, सहावीवर, आठवीवर, दहावीवर आणि बारावीवर. म्हणजे आधी दोनदा तीन, मग तीनदा दोन. शिवाय तुकडा संपतो तो दहाव्या मात्रेवर, आणि उरलेल्या दोन मात्रा हवेत राहतात. आपल्या अंगात मुरलेला हिशेब इथे लागू पडत नाही. तिने हात मांडीखाली घेतला आणि पाहू लागली.

पाहण्यासारखं होतंच. गिटारवाल्याचे डोळे तारांवर नव्हते, नर्तकीच्या घोट्यांवर होते. तिच्या बुटांच्या टाचेला आणि चवड्याला बारीक खिळ्यांची दाट जाळी ठोकलेली. त्यामुळे लाकडावर पाय पडला की आवाज नालेसारखा येतो. गायक गात होता तोवर मंचावर त्याच्या शेजारी बसलेली बाई हाताचे खोलगट द्रोण करून दबक्या टाळ्या देत होती. गाणं थांबून पाय सुरू झाले तशी तिने बोटं सरळ केली आणि टाळी कडकडीत झाली. मग नर्तकीने एक ठसठशीत तुकडा आपटला. ती खूण होती. गिटार जागच्या जागी थांबली, आणि पुढची काही मिनिटं नुसते पाय. आधी इतके सावकाश की दोन आघातांमधली जागा मोजता यावी, मग वाढत वाढत जाणारे. कपाळावरचा घामाचा थेंब उडून पहिल्या रांगेतल्या गृहस्थाच्या बाहीवर पडला. त्याने तो पुसला नाही. आणखी एक तुकडा, पुन्हा खूण, आणि चौघं मिळून नेमक्या दहाव्या मात्रेवर थांबले. ‘एसो एस!’ असं गायक तिला उद्देशून ओरडला. आपल्याकडच्या मैफिलीत ‘क्या बात है’ समोरून येतं. इथे कलाकार एकमेकांनाच देतात.

या कलाकारांनी ही रात्र बसवलेली नसते. कुठल्या रात्री कोण गाणार, कोण नाचणार हे बदलत असतं. पण बारा मात्रांची चौकट आणि खुणांची भाषा सगळ्यांना येते, एवढ्या भांडवलावर ते एकत्र उभे राहतात.

मध्ये दहा मिनिटांची सुट्टी होती. बहीण म्हणाली, “पाय तर आपलेच वाटतात गं, पण गणित नाही.” ‘कथकपासून फ्लामेंको निघाला’ असं भारतात सर्रास लिहिलं जातं. त्यातली एक बाजू खरी आहे. रोमांचे पूर्वज साधारण हजार वर्षांपूर्वी वायव्य भारतातून बाहेर पडले. त्यांची भाषा भारतीय कुळातली आहे हे 1780 च्या दशकात जर्मन अभ्यासकांनी दाखवून दिलं. पण ते निघाले तेव्हा आजचं कथक नव्हतंच. त्याला दरबारी रूप आलं ते अठराव्या-एकोणिसाव्या शतकांत, लखनौ-जयपूरकडे. फ्लामेंको घडला तोही त्याच सुमाराला. एस्तेबानेस काल्देरोन या लेखकाने 1847 साली छापलेल्या पुस्तकात त्रियानातल्या नाचगाण्याचं वर्णन आहे. तेव्हा हे सगळं आकार घेत होतं. दोन्ही कला जवळपास समवयस्क. आजी-नातीचं नातं जुळत नाही. आणि रोमा हंगेरीत गेले, रुमानियात गेले, रशियात गेले. तिथे त्यांनी मोठं संगीत केलं, पण फ्लामेंको कुठेच उपजला नाही. तो उपजला फक्त सेव्हिलच्या या आंदालुसिया प्रांतात. इथला मूरिश वारसा, इथले फांदांगो, बंदरातून आलेल्या आफ्रिकी आणि क्यूबन लयी आणि हितानोंचा गळा एकत्र आले तेव्हा. आपण वारसाहक्क सांगायला गेलो तर या गल्लीतल्या माणसांनी केलेली कमाई त्यांच्याकडून काढून घेतो.

दुसरा भ्रम प्रवाशांचा. तिकीट लावून दाखवतात ते नकली, खरं ते कुठेतरी घरात चालतं. पण फ्लामेंकोला आजचं रूप आलं तेच मुळी पैसे देऊन ऐकायच्या जागी. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ‘काफे कांतान्ते’ म्हणजे गाण्याचे कॅफे निघाले. सिल्वेरिओ फ्रांकोनेती या गायकाने 1881 साली सेव्हिलमध्ये स्वतःचा कॅफे काढला. तो हितानो नव्हता, बाप इटालियन. रोज रात्री पैसे मोजणारा श्रोता समोर असल्यामुळे गिटार साथीतून पुढे आली, नाचाला तंत्र आलं, प्रकार पक्के झाले. याने कला बाटली असं वाटून संगीतकार मान्वेल दे फाया आणि तरुण कवी गार्सिया लोर्का यांनी 1922 च्या जूनमध्ये ग्रानादाच्या आल्हाम्ब्रात स्पर्धा भरवली आणि व्यावसायिकांना मज्जाव केला. त्यात बक्षीस मिळवलेला एक पोरगा पुढे मानोलो काराकोल म्हणून नावाजला आणि 1963 मध्ये माद्रिदला त्याने स्वतःचाच तिकीट लावलेला ताब्लाओ, म्हणजे फ्लामेंकोचा अड्डा, थाटला. शुद्धतेच्या स्पर्धेतून निघाला तोही धंदेवाईकच, आणि थोर.

शेवटी बुलेरिया झाला. गिटारवाल्यानेही उठून, पोट सावरत, चार पावलं टाकली आणि सगळ्यांत मोठा हशा आणि दाद त्यालाच मिळाली. फोन वर झाले ते तेव्हाच. बाहेर साडेदहाच्या खेळाची रांग लागली होती. गायक दारापाशी पाणी पीत उभा होता. मोडक्यातोडक्या स्पॅनिशमध्ये आम्ही विचारलं, तुम्ही इथलेच ना? तो म्हणाला, आजी-आजोबा कावातले. मी दक्षिणेकडे राहतो, बसने येतो.

ती दक्षिण म्हणजे पोलिगोनो सुर. 1950 आणि 60 च्या दशकांत त्रियानातल्या जागांना भाव आला. हुकूमशहा फ्रांकोचं सरकार एकीकडे पोस्टरांवर फ्लामेंको नर्तकी छापून पर्यटक बोलावत होतं, आणि त्याच वर्षांत कावातले चौक रिकामे होत होते. हितानो कुटुंबं शहराच्या कडेला गेली. त्यातली कितीतरी पुढे ‘तीन हजार घरं’ नावाच्या वसाहतीत पोचली. आज तिचं नाव बातम्यांत येतं ते गरिबी आणि अमली पदार्थांमुळे. पण गिटारवादक आणि नर्तकही तिथून निघत राहिले आहेत. युनेस्कोने 2010 साली फ्लामेंकोला मानवजातीचा वारसा ठरवलं. वारसा मानवजातीचा झाला, गल्ली मात्र ज्यांची होती त्यांची राहिली नाही.

म्हणून सेव्हिलला गेलात तर तिकीट जरूर काढा. पंचवीसेक युरोंत, मायक्रोफोन नसलेल्या लहान जागेत, पुढच्या रांगेत बसा. ती काटकसर करायची जागा नव्हे. तो गायकाच्या घरी जाणारा पगार आहे. त्या नाचगाण्यात आपलं काय आहे हे शोधू नका. बारा मात्रा त्यांच्या पद्धतीने मोजा, दहावीवर थांबा.