आरशातली मोटार

सह्याद्रीचा घाट लागला की माणसांचे दोन वर्ग पडतात. एक वर्ग आलेपाकाची वडी तोंडात धरून डोळे मिटतो; दुसरा बाह्या सरसावून स्टिअरिंग धरतो. मी दुसऱ्या वर्गातला. माझ्यासारखी आणखी पाच माणसे पुण्यात आहेत. आमच्या दाराशी बसक्या, दोन आसनी स्पोर्ट्‌स मोटारी उभ्या असतात. त्यांत सामान मावत नाही, पाहुणे मावत नाहीत आणि उतरताना गुडघे कुरकुरतात. पण वळणावळणाच्या रस्त्यावर ती मोटार कशी झुलत जाते, ते ज्याच्याकडे आहे त्यालाच विचारावे!

गेल्या कार्तिकात आम्ही बेत केला. पौड, मुळशीवरून ताम्हिणी घाटाने कोकणात उतरायचे, माणगाव-महाडवरून पोलादपूर गाठायचे आणि आंबेनळी घाट चढून महाबळेश्वर. पल्ला दोनशे किलोमीटरांच्या आसपास. वाईवरून गेले तर महाबळेश्वर १२० किलोमीटरांत येते. पण आम्हाला पोचायची घाई नव्हती, जायची हौस होती.

हौस आणि घाट यांचे मात्र जपून जमवावे लागते. २८ जुलै २०१८ रोजी याच आंबेनळीत सहलीला निघालेली एक बस दरीत कोसळली आणि तिच्यातला एकच जण वाचला. हे ठाऊक असलेल्या माणसाने घाटात शर्यत लावू नये.

म्हणून आदल्या रविवारी डॉक्टरीणबाईंच्या दिवाणखान्यात बैठक भरली. चिवड्याच्या बशीशेजारी नकाशा पसरला. बाई पंचवीस वर्षे हाडे जोडीत आल्या आहेत, त्यामुळे पुढारीपण त्यांच्याकडे न मागता आले.

"सहा मोटारींची आगगाडी करायची नाही," त्या म्हणाल्या. "तीन-तीनच्या दोन तुकड्या. मध्ये एस.टी.ला शिरायला जागा हवी. रस्ता आधी तिचा आहे, गावकऱ्यांचा आहे, मग आपला."

आमच्यात एक तरुण इंजिनियर आहे. सगळ्यांत जोरकस मोटार त्याची. त्याला चौथा क्रमांक मिळाला, आणि त्याच्या पाठोपाठ निवृत्त प्राध्यापकांची जुनी एमजी.

"डॉक्टर, माझ्या गाडीचा जीव गुदमरेल हो!"

"गुदमरू द्या. मी तपासीन तिला."

सर्वांत शेवटी मी. माझ्याकडे दोर, पाने, पाण्याचा डबा आणि औषधांची पेटी.

मग नियम ठरले. पुढच्या मोटारीपासून निदान दोन सेकंदांचे अंतर. ती मैलाच्या दगडापाशी पोचली की 'एकशे एक, एकशे दोन' म्हणायचे. त्याआधी आपण दगडाशी आलो तर फार जवळ आहोत. ताशी ४० किलोमीटर वेगात दोन सेकंदांत २२ मीटर रस्ता जातो, ६० ला ३३. वेग दुप्पट झाला की ब्रेक दाबल्यापासून थांबेपर्यंतचे अंतर चौपट होते. म्हणून वळणावर जेवढा रस्ता दिसतो तेवढ्यात, आपल्याच बाजूला, थांबता आले पाहिजे. पुढच्याने ट्रक ओलांडला म्हणून मागच्याने ओलांडायचा नाही. प्रत्येकाने आपल्या डोळ्यांनी रस्ता पाहावा. अरुंद चढावर वर येणाऱ्याला वाट द्यावी. टायरमधली हवा सकाळी गार असताना तपासावी, टाकी पुण्यातच भरावी, आणि आदल्या रात्री जागरण नको, 'पार्टी' तर नकोच.

शेवटचा नियम बाईंनी दोनदा सांगितला. "प्रत्येकाने आपल्या आरशातली मोटार सांभाळायची. फाट्यावर ती दिसेपर्यंत हलायचे नाही. आपली कोणीतरी वाट पाहते आहे हे ठाऊक असले, की मागे पडलेला जीव टाकून धावत नाही."

ताम्हिणीचा उतार आम्ही दुसऱ्या गिअरमध्ये उतरलो. उतारावर ब्रेकवर पाय ठेवून बसले की ते तापतात आणि ऐन वेळी दगा देतात. इंजिनालाच लगाम धरू द्यावा. एका वळणापलीकडे म्हशींचा कळप रस्ता अडवून उभा होता. सहाही मोटारी मुकाट थांबल्या. टायर किंचाळले नाहीत, भोंगा वाजला नाही. गुराखी पोरगा मोटारी बघत राहिला आणि म्हशींनी आमच्याकडे पाहिलेही नाही.

पोलादपूर सोडले आणि आंबेनळी सुरू झाला. सावित्रीचे खोरे खाली खाली जाऊ लागले. २०२१च्या जुलैमधल्या अतिवृष्टीत या रस्त्याचे फार हाल झाले होते. कड्याकडे पाहिले की पावसाळ्यात इथे का येऊ नये ते कळते. समोरून उतरणाऱ्या एस.टी.ने वळणाअलीकडे थांबून आम्हाला वाट दिली. चालकाने हात हलवला. घाट त्याला आमच्याहून अधिक कळतो.

अर्ध्या चढावर एमजीने वाफ सोडली. प्राध्यापकांनी ती कडेला घेतली, मीही मागे थांबलो. तापलेल्या रेडिएटरचे झाकण उघडू नये, अंगावर उकळते पाणी उडते. तेव्हा बसून राहण्यावाचून उपाय नव्हता. फोनला रेंज नाही. चाळीस मिनिटांनी पाणी भरून निघालो. प्राध्यापक मुळीच घाई करीत नव्हते.

प्रतापगडाच्या फाट्याशी, वाडा कुंभरोशीला, तरुण इंजिनियर कठड्यावर बसला होता. चहाचे तीन रिकामे पेले शेजारी.

"पुढे नाही गेलात?" प्राध्यापकांनी विचारले.

"कसा जाणार, सर? आरशात तुम्ही नव्हता. अजून दहा मिनिटे पाहून मागे वळणार होतो."

प्राध्यापक काही बोलले नाहीत. त्यांनी खिशातून आलेपाकाच्या वड्यांची पुडी काढून त्याच्यापुढे धरली.

सुमारे ४,५०० फुटांवर महाबळेश्वरला पोचलो तेव्हा उन्हे कलली होती. कोण पहिला आला हे कोणी विचारले नाही. सहा मोटारी मोजल्या आणि चहा मागवला. यंदा वरंध्याचा बेत आहे. वाचकांपैकी कोणाला यायचे असेल तर जरूर यावे. मोटार कितीही जोरकस असली तरी चालेल. तिचा आरसा तेवढा स्वच्छ पुसलेला असावा.