उशी गुडघ्याखाली नको

आमचा भाचा, म्हणजे मोठ्या आपाचा थोरला मुलगा, फौजेत इंजिनिअर्सच्या तुकडीत होता. नियंत्रण रेषेजवळ गस्तीवर असताना सुरुंग फुटला आणि त्याचा डावा पाय गुडघ्याखालून गेला. डोंगरात पेरलेले सुरुंग पावसाने, बर्फाने जागेवरून सरकतात. कालची मोकळी वाट आज मोकळी असेलच असे नाही.

गावाने त्याचा सत्कार केला, हार घातले, भाषणे झाली. ते सर्वांना ठाऊक आहे. आम्हाला सांगायचे आहे ते सत्कारानंतरचे, घराचे दार लावून घेतल्यावरचे. आज फौजी नसलेल्या घरांतही शुगरमुळे किंवा मोटारसायकलच्या अपघातात पाय गमावलेले माणूस असते, म्हणूनही हे लिहितो आहोत.

जखम भरल्यावर तो आजारपणाच्या रजेवर घरी आला. येताना फिजिओने आम्हाला समोर बसवून शिकवले होते. उरलेल्या भागाला तिथे सगळे ‘स्टंप’ म्हणतात. त्याला क्रेप बँडेज इंग्रजी आठच्या आकड्यासारखे तिरपे गुंडाळायचे, खाली घट्ट आणि वर जाताना सैल. त्याने सूज उतरते आणि स्टंपला आकार येतो. रोज थोडा वेळ पालथे झोपायचे. आणि गुडघ्याखाली उशी अजिबात ठेवायची नाही. उशीने आराम वाटतो, पण गुडघा वाकलेल्या स्थितीत आखडत जातो. मग कितीही चांगला कृत्रिम पाय आणला तरी चालणे अवघड होते.

आपाला हे पटेना. रात्री मुलगा कण्हला की ती उठायची आणि मऊ उशी गुडघ्याखाली सरकवायची. भाचेसून पहाटे ती काढून घ्यायची. आठ दिवस हे मुकाट्याने चालले आणि नवव्या दिवशी स्वयंपाकघरात भांडण झाले. “माझ्या पोराला पाय नाही आणि हिला उशीचा हिशोब सुचतो,” आपा म्हणाली. सून काही बोलली नाही. ती अशीही कमी बोलते.

भांडण खरे उशीचे नव्हतेच. आपा त्याला पलंगावर चहा द्यायची, पाणी द्यायची, वजूसाठी तस्त आणायची. सून मात्र पाण्याचा ग्लास मुद्दाम खिडकीत ठेवायची. तो कुबड्या घेऊन उठायचा, ग्लासापर्यंत जायचा. एकदा पडलाही. आपा धावली, सुनेने तिचा हात धरला आणि म्हणाली, “अम्मी, त्यांना उठायला शिकवलंय. उठू द्या.” तो भिंतीला टेकत, घाम गाळत उठला. त्या दिवशी शेजारणींनी सुनेला ‘पत्थरदिल’ ठरवले.

आम्ही शाळेत मुले शिकवतो, त्यामुळे आमचा कौल सुनेच्या बाजूने पडला. मुलाचे गणित बापाने सोडवून दिले तर वही भरते, मूल तिथेच राहते. आपाला हे सांगणे सोपे नव्हते. ती आई आहे, आणि तिने त्याला एकदा चालायला शिकवलेलेच होते.

आणखी एक गोष्ट घरच्यांनी समजून घ्यायला हवी. नसलेला पाय दुखतो. भाचा रात्री सांगायचा की अंगठा पिळवटतोय, टाचेत आग होतेय. आजीने नजर उतरवली, कोणी कानात म्हटले की पोराच्या डोक्यावर परिणाम झालाय. असे काही नव्हते. पाय गेला तरी मेंदूतली त्याची जागा शाबूत असते, तुटलेल्या नसा तिथे संदेश धाडत राहतात. दोन पायांच्या मधे आरसा उभा धरून चांगला पाय हलवायचा आणि आरशातले त्याचे प्रतिबिंब बघायचे, असा एक उपाय आहे. काहींना त्याचा फायदा होतो. भाच्याला थोडा झाला. बाकी औषधांनी आणि काळाने केले.

रजा संपल्यावर तो पुण्याला वानवडीच्या आर्टिफिशियल लिंब सेंटरमध्ये गेला. हे केंद्र 1944 साली, दुसऱ्या महायुद्धाच्या काळात सुरू झाले. तिथे स्टंपचे माप घेऊन सॉकेट बनवतात आणि दोन दांड्यांच्या मधे पहिली पावले टाकायला लावतात. आम्हाला वाटले होते, पाय बसला की झाले. तसे नसते. स्टंप दिवसभरात बारीक-मोठा होतो, सॉकेट सैल पडले की मोजे वाढवायचे, घट्ट झाले की कमी करायचे. रोज रात्री आरशात स्टंपच्या खालची कातडी बघायची. लाल डाग राहिला तर दुसऱ्या दिवशी पाय चढवायचा नाही. जिना चढताना चांगला पाय आधी, उतरताना नकली पाय आधी. भाच्याने हे सगळे वहीत लिहून ठेवले आहे, अक्षर मात्र शाळेत होते तसेच गिचमिड.

त्याच्यासारखेच पूर्वी कोणी होते का, असे त्याने विचारले तेव्हा आम्ही मेजर इयान कार्डोझोंची गोष्ट सांगितली. 1971 च्या युद्धात सुरुंगाने त्यांचा पाय चिंधडला आणि त्यांनी तो खुकरीने स्वतःच तोडला. नंतर शस्त्रक्रिया केली ती युद्धकैदी झालेल्या पाकिस्तानी सर्जनने, मेजर मोहम्मद बशीर यांनी. पुढे कार्डोझो नकली पायावर डोंगर चढले आणि त्यांनी पलटणीची, नंतर ब्रिगेडची कमान सांभाळली. भाचा ऐकून एवढेच म्हणाला, “सर्जन चांगला होता.”

नमाजचा प्रश्न त्याला सर्वांत जास्त खात होता. मौलाना साहेबांनी सोपे करून दिले. जो अवयव उरलाच नाही तो धुण्याचे बंधनही उरले नाही. बसून पढायची गरज पडली तर बसून पढा. पहिले काही महिने तो मशिदीत मागे खुर्चीवर बसायचा आणि सलाम फिरवताच सर्वांच्या आधी बाहेर पडायचा. लोकांनी चौकशी करू नये म्हणून. हळूहळू थांबू लागला.

आता तो तालुक्याच्या गावी बँकेत सुरक्षा विभागात आहे. पावसाळ्यात घाम आणि ओल यांमुळे सॉकेटमध्ये कातडी सोलते, मग दोन-तीन दिवस कुबड्या. मुलगी चार वर्षांची आहे. सकाळी बापाचे मोजे मोजून देते, आणि एखादा कमी पडला तर सगळ्या घराला शोधायला लावते. आपाचे गुडघे आता दुखतात. तिने परवा खाली उशी घेतली, तर नातीने ती ओढून काढली.