गारव्याचा घाम

उन्हाळ्यात माठाला घाम येतो आणि बर्फाचे पाणी भरलेल्या पेल्यालाही येतो. दोघांच्या अंगावरचे थेंब सारखेच दिसतात. पण त्यांची जात अगदी निराळी. माठाचे पाणी आतून पाझरते, वाऱ्यावर उडून जाते आणि जाता जाता माठाला गार करते. पेल्यावरचे पाणी मात्र पेल्याचे नव्हेच. भोवतालच्या हवेत न दिसता वावरणारी वाफ गार धातूला टेकते आणि तिथेच पाणी होऊन बसते. माठ गार होतो तो घामामुळे. पेल्याला घाम येतो तो गारव्यामुळे. आपली भाषा मात्र दोन्हींना घामच म्हणते. ‘दव पडते’ म्हणतानाही ती अशीच ढिलाई करते. दव कुठून पडत नाही. ते जागच्या जागी जमते.

मराठीच्या प्राध्यापकाला ही पदार्थविज्ञानाची उबळ कुठून आली, असे तुम्ही विचाराल. श्रेय एका बिअरच्या पेटीला आहे. (दचकू नका. मी पीत नाही.) २०२३ च्या जूनमध्ये मी न्यू जर्सीला धाकट्या भावाकडे गेलो होतो. त्याच्या गॅरेजमध्ये मोटारीच्या शेजारी, आजोळच्या धान्याच्या कोठाराची आठवण व्हावी, अशी एक पांढरी पेटी होती. तिच्या अंगाला लाकडी चौकट आणि चौकटीला तीन नळ.

“याला कीझर म्हणतात, दादा,” त्याने सांगितले. पिंपाचा ‘केग’ आणि गोठवणाऱ्या पेटीचा ‘फ्रीझर’ यांचा हा संधी! तो कोणत्या नियमाने होतो, हे दामल्यांच्या व्याकरणात सापडणार नाही. तिकडे पुष्कळ लोक हौसेने घरी बिअर बनवतात. १९७८ साली अध्यक्ष कार्टर यांनी सही केलेल्या कायद्याने ती घरापुरती करमुक्त झाली. दोन प्रौढांच्या घराला वर्षाला २०० गॅलन, म्हणजे साडेसातशे लिटरांवर! विकायची मात्र नाही. भावाच्या पेटीत १९-१९ लिटरांची तीन पिंपे होती. दोनांत बिअर आणि तिसऱ्यात पुतण्यांसाठी आले-लिंबाचे सरबत, तेही फसफसणारे.

प्रत्येक पिंपाखाली त्याने एक वजनकाटा बसवला होता. काट्याला एक चिमुकला सर्किट बोर्ड. पिंपात किती उरले, ते त्याने फोनवर कळवायचे. कल्पना नामी होती. पण मी गेलो तेव्हा काटा म्हणत होता, “पंधरा लिटर शिल्लक आहे,” आणि नळ म्हणत होता, “मी केव्हाच रिकामा झालो.” तिसरा बोर्ड निकामी झाला होता. तांब्याच्या रेघांवर हिरवट थर, आणि पेटीच्या तळाशी पाण्याचे थारोळे.

हे सगळे पाणी हवेतले. ३० अंशांच्या आणि ७० टक्के दमट हवेत दर घनमीटरला सुमारे २१ ग्रॅम पाणी वाफेच्या रूपाने असते. तीच हवा ४ अंशांपर्यंत निवली, की तिला साडेसहा ग्रॅमही पेलत नाही. बाकीचे ती हाताला येईल त्या गार वस्तूवर टाकून मोकळी होते. दोनशे लिटरची पेटी एकदा उघडली आणि आतली हवा बदलली, तर अर्ध्या चमच्याहून अधिक पाणी आत आले म्हणायचे. उन्हाळ्यात पुतणे सरबतासाठी किती वेळा झाकण उघडतात, हा हिशेब मी केला नाही. शुद्ध पाण्यातून वीज फारशी जात नाही. पण थेंबात धूळ आणि क्षार विरघळले, की विजेला चोरवाटा फुटतात.

या पेटीपेक्षा मोठी गोष्ट मला तिसऱ्या दिवशी कळली. भावजय स्वयंपाकघरात हळूच म्हणाली, “भाऊजी, यांची नोकरी फेब्रुवारीतच गेली. तुमची तिकिटे आधीच काढलेली होती. पण त्यांना काही विचारू नका.” नागरिकत्व होते म्हणून देश सोडण्याची पाळी आली नाही, एवढेच. पुण्याला आई दर रविवारी फोनवर विचारी, “ऑफिस काय म्हणतंय?” आणि हा म्हणे, “चाललंय.”

मी काही विचारले नाही. गॅरेजमध्ये त्याला पक्कड देत बसलो. त्याने आधी बुटांच्या खोक्यांत निघतात तसल्या, ओल शोषणाऱ्या पुड्या ठेवून पाहिल्या होत्या. त्या चार दिवसांत तृप्त होत आणि त्यांना भट्टीत वाळवावे लागे. मग बोर्ड प्लास्टिकच्या डबीत घट्ट बंद केला. पण डबी बंद करताना दमट हवाही आत कोंडली गेली, वर तारेच्या भोकातून आणखी येत राहिली. थेंब आतूनच जमले.

“गंमत आहे, दादा,” तो म्हणाला. “ही पेटी मुळात उणे अठरासाठी केलेली. तशीच ठेवली असती, तर पाणी भिंतीवर गोठून गप्प बसलं असतं. मी तिला चार अंशांवर आणली, म्हणून पाणी सुटलं.”

“आणि उणे अठराला बिअरचं काय?”

“तीही गोठली असती.” तो हसला. बराच वेळ पक्कड हातात धरून बसला. मग म्हणाला, “वहिनींना ठाऊक आहे?”

“नाही.”

“आणि आईला?”

“मी नाही सांगणार. ते तुझं तू सांग.”

उपाय शेवटी साधा निघाला. गार वस्तूवरच दव जमते. तेव्हा नाजूक वस्तूने गारव्यात राहूच नये. उघड्यावरच्या विजेच्या पेट्यांत याच कारणासाठी एक लहानसा हीटर ठेवतात. आम्ही बोर्ड पेटीतून काढून गॅरेजच्या भिंतीवर, उबेत लावला. आत राहिले ते नुसते काटे आणि तारा. तारेवरून ओघळणारा थेंब बोर्डापर्यंत पोचू नये, म्हणून तारेला खाली एक झोळ दिला. थेंब तिथेच गळून पडतो. भोके सिलिकॉनने बुजवली, लाकडी चौकटीच्या फटींत फोमची पट्टी भरली.

पुढच्या रविवारी आईने नेहमीचा प्रश्न विचारला आणि त्याने सांगून टाकले. पलीकडे क्षणभर शांतता. मग आई म्हणाली, “अरे, मला केव्हाचंच कळलंय. पूर्वी तू घाईत फोन ठेवायचास. फेब्रुवारीपासून निवांत बोलायला लागलास.”

नवी नोकरी लागायला नोव्हेंबर उजाडला. मधल्या काळात आईने ऑफिसची चौकशी केली नाही. “तुझ्या पेटीत पाणी साचत नाही ना आता?” एवढेच दर रविवारी विचारी. त्या पेटीत काय असते, हे मात्र तिने एकदाही विचारले नाही.